नारायण मेघाजी लोखंडे : कामगाराच्या मोकळ्या श्वासासाठी

रविवार हा आपल्या निवासी शाळेतील सर्वांत गजबजलेला दिवस. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अंजनगाव या भागांतून पालक सकाळच्या गाडीने येतात, फडक्यात बांधलेली भाकरी सोडतात आणि कडुनिंबाच्या सावलीत मुलांशेजारी बसून जेवतात. आठवडाभर राबलेल्या आईबापांना लेकरांना भेटायला हाच एक दिवस मिळतो. ही सुटी कोणी दिली, असा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या वर्गात विचारतो. बहुतेक मुले इंग्रज सरकारचे नाव घेतात. उत्तर अर्धेच बरोबर आहे. सरकारी कचेऱ्यांना व शाळांना रविवारची सुटी इंग्रजी अमलात मिळाली हे खरे; परंतु गिरणीत राबणाऱ्या कामगाराला ती कोणी दिलेली नाही. त्याने ती मिळविली आणि ती मिळविण्यासाठी त्याच्यापाठीशी एक माणूस उभा राहिला. त्या माणसाचे नाव रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून लोखंडे यांचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि त्याच ओळीत संपते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र थोडे विस्ताराने सांगावे असे वाटले, त्याला एक कारण आहे. आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, तशीच अमरावती-अकोल्याच्या कार्यालयांत काम करतात. त्यांच्या हाती लेखणी आहे, संगणक आहे. पण अनेकांच्या खोलीला खिडकी नाही. तळघरात, दफ्तरांच्या गठ्ठ्यांत, बंद काचेआड दहा-दहा तास बसावे लागते. डोके दुखते, खोकला जात नाही, दुपारनंतर मन सुन्न होते आणि आपण ते नशिबाचा भाग समजून सोसतो. कामाच्या जागेची हवा हा मालकाच्या मर्जीचा विषय नसून काम करणाऱ्याच्या हक्काचा विषय आहे, ही जाणीव या देशात कशी रुजली, हे लोखंड्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते.

कारकुनाच्या खुर्चीतून

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी, परिस्थिती गरिबीची. याच १८४८ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. या योगायोगाला पुढे अर्थ प्राप्त झाला, कारण शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा जो प्रवाह पुण्यात सुरू झाला, त्याच प्रवाहाने लोखंड्यांसारख्या तरुणांना विचार दिला आणि वाणी दिली. ठाण्यात इंग्रजी शिक्षण घेऊन ते नोकरीत शिरले. प्रारंभी रेल्वेच्या डाक खात्यात आणि नंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून त्यांनी काम केले.

ही भांडारपालाची नोकरी त्यांच्या आयुष्याची खरी पाठशाळा ठरली. भांडारपाल हा कारकुनी पेशाचा माणूस. त्याचे हात सुताने माखत नाहीत, त्याची बोटे यंत्रात सापडत नाहीत. मात्र त्याच्याकडचे सामान गिरणीच्या सर्व खात्यांत जाते आणि त्यामुळे सर्व खात्यांतील माणसांशी त्याचा संबंध येतो. त्यांची दशा पाहून न पाहिल्यासारखे करणे लोखंड्यांना सहज शक्य होते. शिकलेल्या माणसाने अंग झाडून वर चढावे आणि मागे वळून पाहू नये, असा तो काळ होता. आजचा काळही फारसा वेगळा नाही. लोखंडे मागे वळले.

१८७३ च्या २४ सप्टेंबर रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र आर्थिक अडचणीत सापडले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणले आणि त्याचे संपादकत्व स्वीकारले. शेतकरी, कारागीर आणि गिरणी कामगार यांची दुःखे मांडणारे ते पत्र होते. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य या कामाला वाहिले.

गिरणीतील हवा

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ साली केली. पुढील तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा, माझगाव या भागांत धुराडी उभी राहिली. आपल्या वऱ्हाडचा कापूस अकोला, बडनेरा या स्थानकांवरून आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. त्याच्या काही गाठी परदेशी जात, काही मुंबईच्या गिरण्यांत फुटत. गाठ फुटली की तिच्यातून रुईबरोबर धूळ, पाचोळा आणि बारीक तंतू उडत. कापूस मोकळा करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत ही भुकटी धुक्यासारखी पसरलेली असे. माणसाच्या भुवया पांढऱ्या होत, तसाच तिचा थर छातीतही बसे.

कताई आणि विणकामाच्या खात्यांत निराळी अडचण होती. हवा कोरडी झाली की सूत तुटते. म्हणून ती दमट ठेवावी लागते. त्यासाठी खिडक्या बंद ठेवण्याकडे आणि खोलीत वाफ सोडण्याकडे व्यवस्थापनाचा कल असे. सूत तुटू नये ही काळजी घेतली जात होती, श्वास तुटतो याची नोंद कोणी घेत नव्हते. बाहेर मुंबईचा उकाडा, आत यंत्रांची उष्णता आणि त्यात ती वाफ. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बायाबापड्या आणि सात-आठ वर्षांची पोरे या हवेत उभी असत.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला आज वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस असे नाव आहे. त्याचे एक लक्षण मोठे बोलके आहे. सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. पुढच्या दिवसांत त्रास थोडा कमी वाटतो. आजार वाढला की मात्र तो आठवडाभर सोबत राहतो. म्हणजे एक दिवस मोकळ्या हवेत गेला की शरीरालाच कळते, आपण काय श्वासात घेत होतो ते. लोखंड्यांच्या काळी हे शास्त्र त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या हाती होती ती खोकणारी माणसे.

ही स्थिती अटळ होती काय? तसे म्हणता येत नाही. नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तेथे हवा योग्य प्रमाणात दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझविणारी पाण्याची फवारे-यंत्रणा बसविण्यात आली, आणि १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही उभारला गेला. त्या गिरणीतील काम हलके होते असे नव्हे. तेथेही माणूस थकत होता. परंतु हवेसाठी यंत्र बसविता येते आणि ते बसवूनही गिरणी नफ्यात चालते, एवढे त्यातून सिद्ध झाले. ज्यांनी बसविले नाही, त्यांना ते बसविता येत नव्हते असे नाही.

१८८४ : पाच हजार सह्यांचा कागद

देशातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांना कठडे घालण्यास सांगितले. प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी त्यात तासांची मर्यादा नव्हती, साप्ताहिक सुटी नव्हती आणि हवेचा तर विचारच नव्हता.

या कायद्याभोवतीचे राजकारण समजून घेतले पाहिजे, तरच लोखंड्यांचे धैर्य कळेल. भारतातील गिरण्यांवर निर्बंध यावेत अशी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचीही इच्छा होती. त्यांना भारतीय कापडाची स्पर्धा नको होती. त्यामुळे येथील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रे आणि पुढारी कामगार कायद्याकडे परकीयांचे कारस्थान म्हणून पाहत आणि देशी भांडवलाची बाजू घेत. लोखंड्यांनी या पेचात आपली भूमिका सरळ ठेवली. कायदा कोणाच्या स्वार्थाने येतो यापेक्षा तो कोणाच्या अंगावरील ओझे कमी करतो, हे त्यांनी पाहिले. देशी उद्योगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या उद्योगात मरणाऱ्या देशी माणसाचाही विचार करावा, हा त्यांच्या भूमिकेचा अर्थ होता.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यासमोर कामगारांचे म्हणणे जावे म्हणून लोखंड्यांनी २३ आणि २६ सप्टेंबर रोजी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या अशा होत्या : दर रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी.

या मागण्या नीट वाचल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. तीत खिडकीची मागणी नाही, वायुवीजनाचा शब्द नाही. तरीही पहिल्या तीन मागण्या हवेच्याच आहेत. आतली हवा बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी नाही, तो निदान त्या हवेतून बाहेर पडण्याचा वेळ मागतो. दुपारचा अर्धा तास म्हणजे धुळीतून अर्धा तास सुटका. सूर्यास्त म्हणजे दिवसाच्या शेवटी मोकळे आकाश. रविवार म्हणजे फुप्फुसांना आठवड्यातून एकदा मिळणारा विसावा. नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराची तर सुटीच्या दिवसाची कमाई बुडणार होती. तरीही त्याने त्या कागदावर सही केली वा अंगठा उठविला. यावरून श्वास किती महाग झाला होता याची कल्पना यावी.

या सभांतून जी संघटना आकाराला आली, ती ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ या नावाने इतिहासात ओळखली जाते. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती, लेखी घटना नव्हती. लोखंडे हेच तिचे कार्यालय आणि तेच तिचे दफ्तर. ही उणीव लपविण्याचे कारण नाही. संघटना एका माणसाभोवती उभी राहिली की ती त्या माणसाबरोबर खचते, हा धडाही याच चरित्रात आहे.

महालक्ष्मीचे मैदान

आयोगाचा अहवाल आला, पण कायद्यात काही बदल झाला नाही. लोखंड्यांनी अर्ज-निवेदनांचा मार्ग सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. एकोणिसाव्या शतकात, स्त्रीने चारचौघांत बोलणे जेथे अमर्यादा मानले जाई, तेथे दहा हजारांपुढे दोन कष्टकरी स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी पेरलेले बी कोठे उगवले याची ती खूण होती.

सभेने साप्ताहिक सुटीची मागणी गिरणी मालकांच्या संघाकडे पाठविली. १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारी आज आपले पालक शाळेच्या फाटकातून आत येतात, त्या रविवारची जन्मकथा ही अशी आहे.

त्याच वर्षी केंद्र सरकारने नवा कारखाना आयोग नेमला आणि त्याच्या मुंबईतील कामात लोखंड्यांना स्थानिक सभासद म्हणून घेण्यात आले. ज्याने आयोगापुढे निवेदन दिले होते, तो सहा वर्षांनी आयोगाच्या बाजूच्या खुर्चीवर बसला. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभर लागू केली, स्त्रियांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय ९ केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. कारखान्यांतील वायुवीजन, गर्दी आणि स्वच्छता यांबाबत नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. कामाच्या जागेची हवा प्रथमच कायद्याच्या कक्षेत आली. कायद्याच्या भिंतीला एक लहानशी खिडकी पडली, असे म्हणता येईल.

वऱ्हाडच्या जिनांपर्यंत न पोहोचलेली खिडकी

ती खिडकी सर्वांसाठी उघडली नाही, हे वऱ्हाडच्या माणसाने विसरू नये. वर्षातून चार महिन्यांहून कमी काळ चालणारे हंगामी कारखाने या कायद्यांच्या बाहेर होते. वऱ्हाडातील जिनिंग आणि प्रेसिंग हे हंगामाचे काम. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा येथील जिने धडधडू लागत. रेच्यांपुढे बसून कापूस चारणाऱ्या बहुतांशी बाया असत. सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पडे. मधली भुकटी श्वासात जाई. हंगामाची घाई असल्याने कामाचे तास मोजले जात नसत. मुंबईच्या गिरणीतील कामगाराला १८९१ साली जी सुटी आणि जी मर्यादा मिळाली, ती या हंगामी कारखान्यांना कायद्याने लागू व्हायला १९११ साल उजाडावे लागले. त्याही वेळी स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सूट ठेवण्यात आली.

ज्यांच्या कापसावर मुंबई श्रीमंत झाली, त्या प्रदेशातील मजुरीण बाई मुंबईच्या कायद्यातून अशी सुटली. हक्क एकदा मिळाला म्हणजे तो सर्वांना मिळाला असे होत नाही. तो कोणाच्या दारापाशी थांबला, हे प्रत्येक पिढीने तपासावे लागते. पुढे अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल, बडनेऱ्याची गिरणी येथे आपल्या आजोबा-पणजोबांनी काम केले. त्यांच्यापर्यंत जे संरक्षण पोहोचले, त्याची पहिली वीट परळच्या त्या सभांत रचली गेली होती.

प्लेगचे साल

लोखंड्यांचे कार्य गिरणीपुरते मर्यादित नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही, अशी भूमिका मुंबईतील न्हावी बांधवांनी १८९० च्या सुमारास घेतली, तिच्यामागे लोखंड्यांची प्रेरणा होती. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल उसळली, तेव्हा दोन्ही समाजांतील कष्टकऱ्यांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी सभा भरविली. या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण आढळला तो मांडवीत. ज्या मांडवीच्या गिरणीत लोखंड्यांनी नोकरी केली होती, तोच हा भाग. धान्याची गोदामे, उंदीर आणि त्यांना लागून असलेल्या अंधाऱ्या, कोंदट चाळी. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे त्या वेळी सर्वमान्य झालेले नव्हते. पण जेथे माणसे एकावर एक रचल्यासारखी राहतात, जेथे ऊन आणि वारा शिरत नाही, तेथे तो माणसे वेचून नेतो, हे सर्वांना दिसत होते. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे राहिले. रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या खटपटीत ते गढून गेले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ४९. महिन्याभराने, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनीही देह ठेवला. सत्यशोधकांनी आपले तत्त्व कसे जगून दाखविले, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

परळच्या चाळीतून दिल्लीच्या मंत्रिमंडळात

प्लेगनंतर सरकारला जाग आली. दाट वस्त्यांत उजेड आणि वारा खेळावा, या हेतूने १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. या मंडळाने बांधलेल्या चाळी बी.आय.टी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेब आंबेडकर राहिले. ज्या परळात लोखंड्यांनी सभा घेतल्या, त्याच परळात गिरणी कामगारांच्या शेजारी राहून बाबासाहेबांनी कामगाराचे जीवन पाहिले.

त्यांनी त्यात लोखंड्यांच्या काळी सुटून गेलेली एक गोष्टही पाहिली. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेले सूत तोंडाने ओले करावे लागे आणि त्याचा स्पर्श इतरांना नको होता. जास्त मजुरीचे खाते त्याला बंद आणि जास्त धुळीचे काम त्याच्या वाट्याला. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगार म्हणून एकजूट मागणाऱ्यांनी कामगारांमधील जातीची भिंत आधी पाडावी, ही त्यांची भूमिका होती. वाईट हवा सर्वांना सारखी लागत नाही. ती आधी त्याला लागते ज्याला निवड नाही, हे कामगार चळवळीला बाबासाहेबांनी शिकविले.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ च्या दुरुस्तीने कारखाना कामगाराला सवेतन वार्षिक रजा मिळाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. त्यानंतर जगजीवन राम मजूरमंत्री असताना १९४८ चा कारखाने अधिनियम संमत झाला. लोखंड्यांच्या निवेदनात न आलेला शब्द त्यात स्पष्टपणे आला. ताज्या हवेच्या अभिसरणाने पुरेसे वायुवीजन ठेवणे. धूळ व धूर जेथे निर्माण होतो तेथेच तो ओढून घेणे. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान ५०० घनफूट जागा ठेवणे आणि ती मोजताना १४ फुटांवरची उंची न धरणे. ही सर्व मालकाची कर्तव्ये ठरली. कापसाच्या धुळीचा तो बिसिनोसिस विकारही या कायद्याच्या परिशिष्टात कळविण्याजोगा व्यावसायिक रोग म्हणून नोंदविला गेला. संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने कामाची स्थिती न्याय्य व माणुसकीची असावी, हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हे अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कातच येते, असा निर्णय दिला.

आपल्या पिढीसाठी

हा सर्व इतिहास कारखान्याचा झाला. आपण तर कार्यालयात बसतो, असे कोणी म्हणेल. परंतु दुकाने व कार्यालये यांच्यासाठीही १९४८ च्याच मुंबई अधिनियमात स्वच्छता, वायुवीजन व प्रकाश यांच्या तरतुदी होत्या, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमातही मालकाच्या कर्तव्यांत वायुवीजनाचा समावेश आहे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हवा, तापमान आणि धूळ यांचा उल्लेख आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली सुरक्षित व आरोग्यदायी कामाचे वातावरण हे कामगारांच्या मूलभूत हक्कांत गणले. कायदा नाही अशी तक्रार आज करता येणार नाही. तक्रार करणारा नाही, ही खरी अडचण आहे.

येथेच लोखंड्यांचे चरित्र आपल्या उपयोगी पडते. त्यांनी एकट्याने आरडाओरड केली नाही आणि कोणाच्या दयेची याचनाही केली नाही. त्यांनी आधी माणसे जमविली, मग मागण्या मोजक्या शब्दांत कागदावर आणल्या, त्याखाली सह्या घेतल्या आणि तो कागद योग्य ठिकाणी पोहोचविला. कोंदट खोलीत काम करणाऱ्या आजच्या कर्मचाऱ्यानेही हेच करावे. सहकाऱ्यांशी बोलावे, कारण एकट्याचा खोकला हा त्याचा आजार ठरतो आणि दहा जणांचा खोकला हा त्या जागेचा दोष ठरतो. किती माणसे, किती खिडक्या, पंखा वा हवा बाहेर टाकणारे यंत्र चालते की नाही, त्रास कोणत्या तारखांना झाला, याची नोंद ठेवावी. डॉक्टरांकडे गेल्यास कामाच्या जागेची माहिती त्यांना आवर्जून द्यावी. सामूहिक लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास कामगार विभागाच्या कार्यालयाकडे जावे. अमरावतीत आणि अकोल्यात ही कार्यालये आहेत. त्यांचा रस्ता आपल्या मुलांना ठाऊक असला पाहिजे.

आणि ज्यांना वरच्या मजल्यावरची खिडकीशेजारची खुर्ची मिळाली आहे, अशा आपल्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. लोखंडे स्वतः धुळीच्या खात्यात नव्हते. त्यांना भांडाराची खोली पुरली असती. तुमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावरचा शिपाई, दफ्तरखान्यातील हंगामी कारकून, कंत्राटावरची सफाई करणारी बाई कोणत्या हवेत दिवस काढते, हे एकदा खाली उतरून पाहा. तिच्या अर्जाखाली तुमचीही सही पडली, तर त्या अर्जाचे वजन वाढेल.

भारत सरकारने २००५ साली लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. डाक खात्यातून आयुष्याची सुरुवात केलेल्या माणसाला तो सन्मान शोभणाराच होता. परंतु त्यांचे खरे स्मारक दर आठवड्याला आपल्या शाळेच्या अंगणात उभे राहते. पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली मुलांसोबत जेवायला बसाल, तेव्हा ही गोष्ट त्यांना सांगा. सोमवारी ती वर्गात येतील, तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पूर्ण देता येईल.